जिंकलो आपण, हरले ते!

लखनऊ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती तेथली अदब. 'पहले आप, पहले आप' करता करता गाडी चुकवणाऱ्या दोन नवाबांचा विनोद कुणी ऐकला नाही? चिकनचे कुर्ते, कबाब, थंडीच्या दिवसांत चौक भागातल्या गोल दरवाज्यापाशी मिळणारे फेसासारखे हलके मक्खन मलाई आणि लहान मुलालाही 'आप' म्हणण्याची रीत. मराठी माणसालाही हे शहर अगदीच परके नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये येथे संगीताचे महाविद्यालय सुरू केले आणि पुढे त्या संस्थेला त्यांचेच नाव लाभले.

अशा या गोड बोलणाऱ्या शहरात एक विषय मात्र असा आहे, की तो निघाला की अदब हळूच पायांत चपला सरकवते आणि बाहेर पडते. तो विषय म्हणजे क्रिकेट.

हजरतगंज असो, अमीनाबाद असो की लालबागेतले चहाचे दुकान असो, भारताचा सामना झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या पेल्याबरोबर तोच विषय चघळला जातो. बँकेतला कारकून, कॉलेजचा विद्यार्थी, निवृत्त मास्तर, सगळेच निवड समितीचे सभासद होतात. भारत जिंकलेला असेल तर ऐकू येते, 'हम जीत गए!' आणि हरलेला असेल तर? 'ये लोग फिर हार गए.' म्हणजे जिंकताना 'आपण' आणि हरताना 'ते'!

मराठी घरातही याहून वेगळे काय असते? 'आपण जिंकलो' आणि 'हे पुन्हा हरले' ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून, एकाच आठवड्यात निघतात. ही खोड केवळ भारतीयांचीच आहे असेही नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही हेच आढळले. कॉलेजचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी 'आम्ही' म्हणत आणि हरला की तोच संघ 'ते' होई. विजयाच्या ताटावर सगळ्यांनाच बसायचे असते. पराभवाची खरकटी भांडी घासायला मात्र खेळाडू एकटाच उरतो.

गोमतीकाठची हार

लखनऊच्या क्रिकेटचा इतिहास पाहिला, तर त्यात हा सारा स्वभाव जणू लिहूनच ठेवला आहे. १९५२ च्या ऑक्टोबर महिन्यात पाकिस्तानचा संघ प्रथमच कसोटी मालिकेसाठी भारतात आला. दिल्लीची पहिली कसोटी भारताने एक डाव आणि ७० धावांनी जिंकली. विनू मंकडने त्या सामन्यात १३ बळी घेतले. आता पाकिस्तान काय टिकणार, अशी हवा झाली. दुसरी कसोटी लखनऊला, विद्यापीठाच्या मैदानावर, चटईच्या खेळपट्टीवर होती. मंकड आणि सांगलीचे विजय हजारे हे दोघेही या सामन्यात नव्हते. तरीही विजय आपलाच, असे लोक धरून चालले होते.

घडले उलटेच. भारताचा पहिला डाव १०६ धावांत आटोपला. पाकिस्तानच्या नझर महंमदने सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद राहत १२४ धावा काढल्या. फझल महमूदने दोन्ही डावांत मिळून ९४ धावांत १२ बळी टिपले. कर्णधार लाला अमरनाथ दुसऱ्या डावात ६१ धावांवर नाबाद राहिले, पण बाकीचे टिकले नाहीत. भारत एक डाव आणि ४३ धावांनी हरला. पाकिस्तानचा कसोटी क्रिकेटमधला हा पहिलाच विजय. चिडलेल्या प्रेक्षकांनी आपल्याच खेळाडूंवर राग काढला. अदबीचे शहर त्या दिवशी आपली अदब विसरले.

पण पुढे काय झाले? जेमतेम तीन आठवड्यांनी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्याच अमरनाथांच्या संघाने पाकिस्तानला १० गडी राखून हरवले. हजाऱ्यांनी नाबाद १४६ धावा केल्या. उरलेले दोन सामने अनिर्णित राहिले आणि भारताने मालिका २-१ अशी जिंकली. भारताने कसोटी मालिका जिंकण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे ज्या संघावर लखनऊकर रागावले होते, तोच संघ इतिहास घडवण्याच्या मार्गावर होता. रागावलेल्यांना ते दिसले नाही, कारण त्यांना त्या चार दिवसांपलीकडचे काही पाहायचेच नव्हते.

ज्यांना हसलो ते

त्यानंतर लखनऊला कसोटी सामना पाहायला तब्बल ४१ वर्षे वाट पाहावी लागली. जानेवारी १९९४ मध्ये श्रीलंकेचा संघ के. डी. सिंग 'बाबू' स्टेडियमवर खेळायला आला. हे बाबू म्हणजे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार, जवळच्याच बाराबंकीचे. पण स्टेडियमबाहेर क्रिकेटवर तासन् तास वाद घालणाऱ्यांपैकी किती जण त्या नावामागचा माणूस आठवत असतील, कोण जाणे!

या सामन्यात लखनऊकरांची चंगळ झाली. २० वर्षांच्या सचिन तेंडुलकरने १४२ धावा काढल्या. नवज्योतसिंग सिद्धूने १२४ धावांच्या खेळीत ८ षटकार ठोकले. अनिल कुंबळेने सामन्यात ११ बळी घेतले. भारत एक डाव आणि ११९ धावांनी जिंकला आणि पुढे मालिकाही ३-० अशी खिशात घातली. श्रीलंकेचा संघ म्हणजे पोरासोरांचा संघ, अशी तेव्हा थट्टा होत असे. त्या संघातल्या मुथय्या मुरलीधरन नावाच्या तरुण फिरकी गोलंदाजाला भारतीयांनी चोपून काढले. त्याने १६२ धावा दिल्या. मात्र त्या देताना ५ बळीही घेतले, याकडे त्या जल्लोषात कोण लक्ष देणार?

सव्वादोन वर्षेही झाली नाहीत, तोच १३ मार्च १९९६ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याच श्रीलंकेने भारताला खिंडीत गाठले. १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी घसरगुंडी झाली. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लावल्या. सामना अर्धवट थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावे लागले. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत परतला, ते दृश्य घराघरांतून पाहिले गेले. चारच दिवसांनी श्रीलंका जगज्जेता झाला. आणि लखनऊला चोप खाणारा मुरलीधरन? तो कसोटीतले ८०० बळी पूर्ण करून निवृत्त झाला. आजवर तेथवर दुसरा कोणीही पोहोचलेला नाही.

म्हणूनच शहाणा खेळाडू हरलेल्याला हसत नाही. आज जो हरला तो उद्या परत येणार आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

कैफच्या घरावरची काळी शाई

लखनऊपासून काही तासांच्या अंतरावर अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज आहे. तिथला मुलगा महंमद कैफ. १३ जुलै २००२ ला लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध ३२६ धावांचे आव्हान होते आणि भारताची अवस्था ५ बाद १४६ झाली होती. सचिनही बाद झाला होता. देशभरात कितीतरी टीव्ही त्या क्षणी बंद झाले. गंमत म्हणजे खुद्द कैफच्या घरचेही आशा सोडून 'देवदास' चित्रपट पाहायला निघून गेले होते, असे कैफनेच पुढे सांगितले. इकडे घरचे चित्रपटगृहात आणि तिकडे मुलाने नाबाद ८७ धावा करून सामना जिंकून दिला! ज्यांनी टीव्ही बंद केला, त्यांचे केवढे नुकसान झाले पाहा.

यानंतर कैफ उत्तर प्रदेशाचा लाडका झाला. पण हा लाड सात महिने टिकला. १५ फेब्रुवारी २००३ ला विश्वचषकात सेंच्युरियनच्या मैदानावर भारत ऑस्ट्रेलियासमोर १२५ धावांत गारद झाला. हार अख्ख्या संघाची होती, पण अलाहाबादेत काही लोकांनी कैफच्या घरावर चाल केली आणि भिंतींना काळे फासले. मुलगा हजारो मैल दूर. घरात होती ती त्याची माणसे. त्यांनी कोणता झेल सोडला होता?

जवळजवळ एका महिन्यानंतर, १४ मार्चला, त्याच सेंच्युरियनवर न्यूझीलंडविरुद्ध भारताचे ३ गडी अवघ्या २१ धावांत बाद झाले होते. तेव्हा कैफ आणि राहुल द्रविड यांनी आणखी एकही गडी न गमावता सामना काढला. कैफ नाबाद ६८. पुढे भारत अंतिम फेरीतही पोहोचला. भिंतींचे काळे पुसले गेलेच असणार, पण ज्यांनी ते फासले होते, त्यांच्यापैकी कोणी बादली घेऊन धुवायला गेला होता का?

कैफने याचे उट्टे कसे काढले, तेही पाहण्यासारखे आहे. २००५-०६ च्या हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली उत्तर प्रदेशाने इतिहासात प्रथमच रणजी करंडक जिंकला. बंगालविरुद्धचा तो अंतिम सामना झाला लखनऊच्याच के. डी. सिंग 'बाबू' स्टेडियमवर. त्या संघात सुरेश रैना होता. मुरादनगरचा हा मुलगा लखनऊच्या स्पोर्ट्स कॉलेजच्या वसतिगृहात राहून घडला. रायबरेलीचा आर. पी. सिंगही त्याच कॉलेजचा. २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक १२ बळी घेणारा तोच. लहान गावांतून आलेल्या या मुलांनी वसतिगृहातली पहाट, मैदानावरचा घाम आणि यादीत आपले नाव नसल्याची संध्याकाळ हे सारे पाहिलेले असते. म्हणून त्यांचे पाय जमिनीवर राहतात.

शून्य आणि पन्नास

ही झाली जुनी उदाहरणे. पण काळ बदलला म्हणून माणसे थोडीच बदलतात? २९ ऑक्टोबर २०२३ ला लखनऊच्या नव्या इकाना स्टेडियमवर विश्वचषकात भारत आणि इंग्लंड समोरासमोर आले. विराट कोहली ९ चेंडू खेळून शून्यावर बाद झाला. मैदान क्षणभर सुन्न झाले. कर्णधार रोहित शर्माने ८७ आणि सूर्यकुमार यादवने ४९ धावा केल्या, तेव्हा कुठे भारताची मजल २२९ पर्यंत गेली. पण महंमद शमीने २२ धावांत ४ आणि जसप्रीत बुमराहने ३२ धावांत ३ बळी घेऊन इंग्लंडला १२९ धावांत गुंडाळले.

विराटच्या शून्याचे पुढे काय झाले? चार दिवसांनी ८८ धावा. त्यानंतर तीन दिवसांनी, आपल्या वाढदिवशी, कोलकात्यात नाबाद १०१. आणि १५ नोव्हेंबरला मुंबईच्या वानखेडेवर एकदिवसीय सामन्यांतले पन्नासावे शतक! सचिनचा ४९ शतकांचा विक्रम मोडताच विराटने गॅलरीत बसलेल्या सचिनकडे पाहून कमरेत वाकून नमस्कार केला. ज्याचा विक्रम मोडला, त्यालाच पहिला नमस्कार. 'पहले आप' याहून वेगळे काय असते? त्या स्पर्धेत विराटच्या एकूण ७६५ धावा झाल्या. एका विश्वचषकात इतक्या धावा त्याआधी कोणीच केल्या नव्हत्या.

त्या दिवशी इकानावर डोक्यावर घेतला गेलेला शमी मूळचा उत्तर प्रदेशातल्या अमरोहा जिल्ह्याचा. आपल्या राज्याच्या संघात जागा मिळेना, म्हणून तो बंगालला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून १० गडी राखून हरला, तेव्हा त्याच्या धर्मावरून त्याला नको नको ते ऐकवले गेले. पूर्वी घरावर काळे फासायला निदान घराबाहेर पडावे लागे. आता मोबाइलवर अंगठा फिरवला की काम झाले. २०२३ च्या विश्वचषकात शमीला पहिल्या चार सामन्यांत संघात जागाही नव्हती. नंतरच्या सात सामन्यांत त्याने २४ बळी घेतले आणि तो स्पर्धेतला सर्वात यशस्वी गोलंदाज ठरला.

आणि मुंबईकर?

लखनऊ, अलाहाबादकडे बोट दाखवून आपण मराठी माणसांनी स्वतःला शहाणे समजण्याचे कारण नाही. मार्च २००६ मध्ये मुंबईत, वानखेडेवर, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन १ धाव करून परतला, तेव्हा त्याची हुर्यो उडवली गेली. सचिनची, आणि तीही मुंबईत! त्याच वानखेडेवर १६ नोव्हेंबर २०१३ ला सचिनने निरोप घेतला, तेव्हा हजारो डोळे पाणावले. सचिनने त्या दिवशी हातात कागद धरून एकेकाचे नाव घेऊन आभार मानले. कुणी राहून जाऊ नये, म्हणून यादी करून आला होता. नंतर खेळपट्टीला वाकून स्पर्श केला आणि तो गेला. २००६ च्या त्या हुर्योबद्दल त्या भाषणात अवाक्षरही नव्हते.

२०२४ च्या आयपीएलमध्ये पुन्हा तेच. रोहितच्या जागी हार्दिक पंड्या मुंबईचा कर्णधार झाला, म्हणून वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. तीनच महिन्यांत, २९ जूनला, बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. मैदान तेच, माणूस तोच. बदलला होता फक्त धावफलक.

आणि आता मुलीही मागे नाहीत. २०२५ च्या महिला विश्वचषकात भारत लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा 'बायकांचे क्रिकेट ते असेच' म्हणणारे कमी नव्हते. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्सला एका सामन्यात संघाबाहेर बसावे लागले. त्याच जेमिमाने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि सामन्यानंतर, त्या दिवसांत आपण किती रडलो, हे साऱ्या जगासमोर मोकळेपणाने सांगितले. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात आग्र्याच्या दीप्ती शर्माने ५८ धावा आणि ५ बळी अशी कामगिरी केली आणि विश्वचषक भारतात आला.

नम्रता येते कुठून?

मोठे खेळाडू इतके नम्र कसे राहतात, याचे आपल्याला नवल वाटते. पण जरा हिशेब करून पाहा. सचिनने एकदिवसीय सामन्यांत ४५२ डाव खेळले. त्यांत ४९ शतके आणि ९६ अर्धशतके. म्हणजे ४५२ पैकी १४५ डावांत त्याने पन्नाशी गाठली आणि ३०७ डावांत गाठली नाही. २० वेळा तर तो शून्यावर बाद झाला. जगातल्या सर्वश्रेष्ठ फलंदाजाची ही गोष्ट. दर तीन डावांपैकी दोन डावांत त्याला पन्नाशी न गाठताच परतावे लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सरावाला जावे लागले.

ज्याला अपयश इतके जवळून ठाऊक आहे, तो गर्व करणार तरी कशाचा? नम्रता म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. आज जमले तसे उद्या जमेलच असे नाही, याची आठवण ठेवणे म्हणजे नम्रता. खेळाडूला ही आठवण खेळच करून देतो. कोचावर बसून शेंगदाणे खाणाऱ्या प्रेक्षकाला ती कोण करून देणार? त्याला कोणी शून्यावर बाद करत नाही. म्हणूनच खरी गरज आहे ती प्रेक्षकाच्या नम्रतेची.

घरातले छोटे प्रेक्षक

यावर कोणी म्हणेल, 'अहो, खेळच तो! चार शब्द रागाने बोललो तर बिघडले कुठे? प्रेम आहे म्हणून राग येतो.' राग जरूर यावा. चुकीचा फटका चुकीचाच म्हणावा. टीका करण्याचा हक्कही प्रेक्षकाला आहे. पण 'तो फटका वाईट होता' आणि 'तो माणूस कुचकामी आहे' यांत मोठे अंतर आहे.

आणि हे अंतर कोण ऐकत असते, याचा कधी विचार केलाय? टीव्हीसमोर वडिलांच्या शेजारी आठ-दहा वर्षांचा मुलगा बसलेला असतो. जमिनीवर मांडी घालून मुलगी बसलेली असते. बाबा ओरडतात, 'काढा याला! काही उपयोगाचा नाही. गेल्या वेळी काय डोक्यावर घेतला होता!' मूल ऐकते आणि मनात नोंद करते. त्याच्या दप्तरात सहामाही परीक्षेची उत्तरपत्रिका असते. गणितात ३५ गुण. मागच्या वेळी ८० मिळाले होते, तेव्हा घरात पेढे आले होते. आता ते मूल काय समजेल? या घरात जिंकणारा आपला असतो आणि हरणारा परका, असेच ना? मग ते उत्तरपत्रिका लपवते. आई-वडील म्हणतात, 'पोरगे खोटे बोलायला कुठे शिकले कोण जाणे!'

याउलट, तोच पिता बाद होऊन परतणाऱ्या खेळाडूकडे पाहून नुसते एवढेच म्हणाला, 'आज आपला दिवस नव्हता. बघ, पुढच्या सामन्यात कसा खेळतो ते,' तर? त्या एका 'आपला' शब्दाने मुलाच्या मनावरचे केवढे ओझे उतरेल! कदाचित त्याच रात्री ती उत्तरपत्रिका दप्तरातून बाहेर येईल.

तेव्हा पुढच्या सामन्याला एक साधी गोष्ट करून पाहा. भारत जिंकला तर खुशाल 'आपण जिंकलो' म्हणा, पेढे वाटा. हरला तरीही 'आपण हरलो'च म्हणा. म्हणायला जरा जड जाईल. पण शेजारी बसलेल्या लहानग्याला त्यातून एवढे नक्की कळेल, की आपण शून्यावर बाद झालो, तरी या घरात आपली जागा कायम आहे.